लिहून देणार : विश्वस्त मंडळ

खरेदीखताच्या पहिल्या पानावर दोन बाजू असतात, 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार'. लिहून देणाऱ्याच्या नावाखाली वय, धंदा, पत्ता, पॅन. बहुतेक खतांत तिथे एखाद्या माणसाचं किंवा कुटुंबाचं नाव असतं. जमीन आजोबांनी घेतली, वडिलांकडे आली, भावाभावांत वाटली गेली आणि आता विकली जातेय, एवढीच तिची कुळकथा. पण अधूनमधून एखादं खत वेगळं निघतं. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली ओळीनं सात-आठ नावं आणि प्रत्येक नावापुढे 'विश्वस्त'. कुठलं देवस्थान, कुठलं विद्यार्थी वसतिगृह, शंभर वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्यानं बांधून दिलेली धर्मशाळा. सही करणाऱ्या या सात-आठ जणांपैकी एकालाही विक्रीतला रुपया घरी न्यायचा अधिकार नसतो. तरी त्यांच्या सहीशिवाय जमीन हलत नाही.

मोक्याच्या जागी ट्रस्टांच्या नावावर किती जमीन आहे, हे कळायला कुठलं दप्तर उघडायला नको. पुण्याच्या पेठांतून, मुंबईच्या गिरगाव-काळबादेवीतून, वाई-नाशिक-पंढरपूरच्या घाटांवरून एक चक्कर मारली की पुरे. धर्मशाळा, पांजरपोळ, बोर्डिंग, तालीम, वाचनालय, अग्यारी, मठ, संस्थान. ज्यांनी दिल्या ते गेले, ज्यांच्यासाठी दिल्या ते बदलले, आणि जमिनीचा भाव दात्याच्या स्वप्नातही नव्हता अशा ठिकाणी जाऊन बसला. विश्वस्तांनी करून दिलेलं खत हा विषय म्हणूनच वकिलांपुरता राहिलेला नाही.

मुळात ही जमीन कुणाची? भारतीय न्यास अधिनियम १८८२ चा. त्याच्या व्याख्येप्रमाणे न्यास म्हणजे मालकीला जोडलेलं एक बंधन. एकानं विश्वासानं सोपवलं, दुसऱ्यानं ते पत्करलं, आणि लाभ मात्र तिसऱ्याचा. देवस्थानांच्या बाबतीत आपल्याकडची न्यायालयं आणखी पुढे गेली. डाकोरचं रणछोडरायाचं देऊळ गुजरातेत, पण ते १७७२ मध्ये बांधलं गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी माणसानं. शतकभरानंतर त्याच देवळाच्या उत्पन्नावरून मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम हा खटला मुंबई उच्च न्यायालयात आला. देवापुढे पडणारं दान आपलंच, असं तिथल्या सेवकांचं म्हणणं होतं. १८८७ च्या निकालात न्यायालयानं ते मानलं नाही. धर्मकार्यासाठी दिलेल्या संपत्तीला कायद्याच्या लेखी स्वतःचं व्यक्तित्व असतं, आणि ती सांभाळणाऱ्यांना विश्वस्तासारखा हिशोब द्यावा लागतो, असं ते म्हणालं. देवाच्या नावावर सातबारा कसा असतो असं कुतूहलानं विचारणाऱ्यांना या निकालापासून सुरुवात करावी लागते.

खासगी ट्रस्टचं काम त्या मानानं सोपं. तिथे लाभार्थी ठरलेले असतात : विधवा सून, अपंग मुलगा, नातवंडं. १८८२ चा कायदा मुख्यतः यांच्यासाठीच आहे. न्यासपत्रात विक्रीचा अधिकार दिला असेल तर विश्वस्त जाहीर लिलावानं विकू शकतात किंवा खासगी बोलणी करूनही. एकापेक्षा जास्त विश्वस्त असतील आणि न्यासपत्रात वेगळं काही म्हटलं नसेल, तर सगळ्यांनी मिळूनच सही करायची, तिघांपैकी दोघांचं बहुमत चालत नाही. विक्रीचं काम ज्याच्याकडे आहे त्यानं ती मिळकत स्वतः घ्यायची नाही, मेहुण्याच्या नावानंही नाही. कलम ५२ हे सरळ सांगतं. हा कायदा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दीडशे वर्षांपूर्वी तो लिहिणाऱ्यांना माणसाच्या चलाखीची पुरेपूर कल्पना होती.

परदेशातल्या मराठी कुटुंबांची विश्वस्ताच्या खताशी गाठ दोन वेगळ्या वाटांनी पडते. कॅलिफोर्नियात घरासाठी कर्ज घेतलं की बहुधा 'डीड ऑफ ट्रस्ट' लिहून द्यावं लागतं. घर तारण म्हणून एका तिऱ्हाईत विश्वस्ताच्या नावे राहतं आणि लाभार्थी असते कर्ज देणारी संस्था. हप्ते थकले तर हा विश्वस्त नोटीस नोंदवतो. तीन महिने जातात, मग विक्रीची नोटीस लागते आणि किमान वीस दिवसांनी लिलाव होतो. कोर्टात दावा लावावाच लागत नाही. लिलावात घेणाऱ्याला जे मिळतं ते 'ट्रस्टीज डीड अपॉन सेल'. घर आतून पाहायला मिळालेलं नसतं, आणि मालकी निर्वेध आहे अशी हमी विश्वस्त देत नाही. दुसरी वाट याहून सौम्य. पोरं मोठी झाली, घराचं कर्ज फिटलं की पुष्कळ जण घर 'लिव्हिंग ट्रस्ट'मध्ये घालतात, म्हणजे आपल्या पश्चात प्रोबेटच्या कोर्टकचेरीत अडकायला नको. आईवडील गेल्यावर उत्तराधिकारी विश्वस्त म्हणून मुलगी सही करते, आणि घर विकलं जातं ते विश्वस्ताच्या खतानं. सॅन होजेत अशी सही केलेल्या मुलीला पुण्यातली आजोबांच्या नावाची ट्रस्टची जागा तितक्याच सहज विकता येईल असं वाटलं, तर तिला दोष देता येत नाही. पण इथे वाटेत एक सरकारी दार आहे.

ते दार म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६. वकील आणि विश्वस्त याला 'छत्तीसची परवानगी' म्हणतात.

सार्वजनिक ट्रस्टांची नोंद ठेवण्याचे प्रयत्न मुंबई इलाख्यात १९३० च्या दशकातच सुरू झाले होते. हिंदूंसाठी, पारशांसाठी, मुसलमानांसाठी वेगवेगळे कायदे. १९४८ मध्ये न्यायमूर्ती तेंडोलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. आता त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आहे. कायदा येताच आव्हानं आली. एका जैन देवालयाच्या व्यवस्थापकांनी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी त्याला कोर्टात खेचलं. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये काही कलमं रद्द केली. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येण्याची तरतूद त्यात गेली. पण संस्थेच्या मिळकतीवर देखरेख ठेवायचा सरकारचा अधिकार टिकला.

कलम ३६ चा गाभा थोडक्यात असा. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. नसेल तर व्यवहार वैध नाही. न्यासपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी. हे शेवटचं वाक्य फार लोक चुकवतात. 'आमच्या ट्रस्ट डीडमध्ये विश्वस्तांना विक्रीचे सर्वाधिकार आहेत' असं छाती पुढे काढून सांगणारे विश्वस्त असतात आणि ते ऐकून इसार देणारे खरेदीदारही. सर्वाधिकार असतील, पण कलम ३६ त्यांच्या वर बसलेलं आहे. परवानगी देताना आयुक्तांनी पाहायचं ते ट्रस्टचं हित, फायदा आणि संरक्षण. विश्वस्तांची सोय किंवा खरेदीदाराची निकड त्यात कुठेच नाही.

आता असं एखादं खत हातात घेऊन सावकाश वाचू. पहिली जागा अर्थात नावांची. खतात ज्यांची नावं आहेत तेच आज विश्वस्त आहेत का, हे धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवरून ठरतं. व्यवहारात त्याला पीटीआरचा (पब्लिक ट्रस्ट रजिस्टरचा) उतारा किंवा सरळ 'शेड्यूल वन' म्हणतात. ट्रस्टचं नाव, उद्देश, विश्वस्तांची नावं, जंगम आणि स्थावर मिळकत, सगळं तिथे. संस्था नोंदणी कायद्याखालच्या मंडळांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर दिसतं. विश्वस्त बदलला, मिळकत वाढली वा घटली, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. कागदावर ही सोय उत्तम आहे. पण कुठल्याही धर्मादाय कार्यालयात जाऊन जुन्या देवस्थानाचं शेड्यूल वन काढून पाहा. स्वर्गवासी झालेले दोन-तीन विश्वस्त त्यात अजून विराजमान असण्याची शक्यता चांगलीच आहे. निवडणूक झाली, बदल अर्ज दिला गेला, दुसऱ्या गटानं हरकत घेतली, तारखा पडत राहिल्या. २०१७ च्या दुरुस्तीनं अशा अर्जांना तात्पुरती मान्यता देण्याची वाट काढली, तरी वादातले अर्ज रेंगाळतातच. खरेदीदाराच्या वकिलाला घाम फुटतो तो इथे, कारण चुकीच्या माणसांनी केलेली सही ही नुसती त्रुटी राहत नाही, ती सहीच नसते.

दुसरी जागा मिळकतीच्या इतिहासाची. ट्रस्टला ही जागा कशी आली : बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं, संस्थानच्या सनदेनं, की खरेदीनं? दात्यानं अट घातली होती का? शाळेसाठी दिलेली जागा शाळा बंद पडल्यास वारसांकडे परत जाईल, अशी एक ओळ जुन्या बक्षीसपत्रात असली, तर शेड्यूल वनमध्ये ट्रस्टचं नाव असूनही प्रकरण नाजूक होतं. मोडीतली कागदपत्रं वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो तो यासाठी.

तिसरी जागा म्हणजे परवानगीचा आदेश. खतात बहुधा त्याचा अर्ज क्रमांक आणि तारीख एका ओळीत उरकलेली असते. त्या ओळीवर समाधान मानू नये. मूळ आदेश मागवावा आणि त्याचा शेवटचा भाग वाचावा. किंमत किती, खत किती दिवसांत करायचं, पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे, कशासाठी वापरायचे, हे तिथे अटींच्या रूपात लिहिलेलं असतं. मुदत उलटून गेल्यावर केलेलं खत, किंवा आदेशात एक हेक्टर आणि खतात सव्वा हेक्टर, असे प्रकार कोर्टात जाऊन फुटतात.

चौथी जागा मला सगळ्यात बोलकी वाटते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती म्हणजे हमी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(२) प्रमाणे कुठलाही विक्रेता, खतात लिहिलेलं नसलं तरी, खरेदीदाराला अध्याहृत वचन देतो : हा हक्क खरोखर आहे आणि तो विकायचा मला अधिकार आहे. त्याच कलमाला एक परंतुक आहे. विक्रेता विश्वासाच्या नात्यानं विकत असेल, म्हणजे विश्वस्त असेल, तर त्याचं वचन एवढंच : मी स्वतः या मिळकतीवर बोजा चढवलेला नाही किंवा विक्रीला अडसर येईल असं काही केलेलं नाही. आधीच्या विश्वस्तांनी काय केलं, सत्तर सालच्या मॅनेजरनं कुणाला काय लिहून दिलं, याची जबाबदारी आजच्या विश्वस्तांच्या माथी येत नाही. कॅलिफोर्नियातला लिलावाचा विश्वस्त जी हमी देत नाही तिचीच ही देशी भावकी. फरक इतकाच की तिकडचा ग्राहक मालकी हक्काचा विमा उतरवतो आणि इकडचा ग्राहक वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घेऊन पुढे देवावर हवाला ठेवतो. विश्वस्तांच्या खतात नुकसानभरपाईचं कलम असलं तरी त्यात 'ट्रस्टच्या मिळकतीतून, वैयक्तिक नव्हे' हे शब्द विश्वस्तांचे वकील आठवणीनं घालतात. त्यांचं चुकत नाही. फुकटात काम करणारा सत्तरीतला विश्वस्त स्वतःचा फ्लॅट का पणाला लावील?

म्हणजे खरेदीदाराला विक्रेत्याकडून मिळणारा आधार इथे पातळ आहे. खताचं सगळं वजन पेलतो तो परवानगीचा आदेश. आणि हा आदेश उभा असतो विश्वस्तांनीच पुरवलेल्या माहितीवर.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या १९५१ च्या नियमांतला नियम २४ सांगतो, की परवानगीच्या अर्जात चार गोष्टी हव्यात : न्यासपत्रात हस्तांतरणाबद्दल काही निर्देश आहेत का, विकण्याची गरज काय, विक्री ट्रस्टच्या हिताची कशी, आणि भाडेपट्टा असेल तर आधीच्या पट्ट्यांच्या अटी. सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. गरज काय, या प्रश्नाची उत्तरं बऱ्याच अर्जांत एका साच्याची येतात : इमारत जीर्ण, उत्पन्न नाही, देखभाल परवडत नाही, अतिक्रमणाची भीती. यातलं पुष्कळ खरंही असतं. गिरगावातल्या ट्रस्टच्या चाळीत खोलीमागे जे भाडं येतं त्यात जिन्याचा एक कठडा दुरुस्त होत नाही, महापालिकेची नोटीस येते, भाडेकरू विश्वस्तांना शिव्या घालतात. विश्वस्त म्हटला की चोर, अशी समजूत करून हा विषय कळत नाही. पण भाडेकरू आहेत म्हणून किंमत कमी धरायची, आणि भाडेकरूंना हलवून टॉवर उभा राहिल्यावर वाढलेल्या किमतीचा वाटा ट्रस्टच्या पदरात पडू द्यायचा नाही, ही जी खुबी आहे ती मूल्यांकन अहवालाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर दडलेली असते. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कापुरता असतो, त्याला बाजारभाव समजून 'सरकारी दरापेक्षा जास्त किंमत मिळाली' असं म्हणणं ही दिशाभूल आहे, आणि ती अगदी प्रतिष्ठित अर्जांतूनही होते.

मग जाहिरात. स्पर्धेनं किंमत ठरावी म्हणून वर्तमानपत्रात सीलबंद निविदा मागवायची पद्धत पडली आहे. ती जाहिरात जाहीर नोटिशींच्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी, बारीक टाइपात येते. 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, हिस्सा नंबर तमुक, क्षेत्र इतके चौरस मीटर.' ज्या मैदानावर मोहल्ल्यातल्या तीन पिढ्या खेळल्या त्याचा हिस्सा नंबर कुणाला पाठ असतो? कायद्याच्या दृष्टीनं जगाला कळवून झालेलं असतं. जगाला कळतं ते जेसीबी आल्यावर.

आयुक्तांनी एवढ्यावर मान डोलवायची की स्वतः चौकशी करायची, यावर उच्च न्यायालयातच मतभेद होते. १९७९ च्या अरुणोदय प्रीफॅब निकालाचा सूर असा, की कुणाला विकायचं हे विश्वस्तांनी ठरवावं, आयुक्तांनी परवानगी द्यावी किंवा नाकारावी. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातलं चेंचू रामी रेड्डी प्रकरण आलं. मठाची जमीन खासगी बोलणीनं विकली जात होती आणि कित्येक पट जास्त द्यायला तयार असलेला माणूस उभा राहिला. धर्मादाय मिळकती शक्यतो जाहीर लिलावानंच विकाव्यात, अपवाद करायचा तर कारणं लिहून, असं न्यायालयानं सुनावलं. शेवटी २००७ मध्ये शैलेश डेव्हलपर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं अरुणोदयचा निकाल बाजूला सारला. आयुक्तांचा अधिकार 'हो' किंवा 'नाही' एवढाच नाही, ते जनतेकडून प्रस्ताव मागवू शकतात आणि ट्रस्टच्या हिताचा जो सर्वांत चांगला, त्याला विकायचा आदेश देऊ शकतात. चढा देकार घेऊन आलेल्या तिऱ्हाइतालाही अंतिम आदेशाला आव्हान देता येतं. बिल्डरांच्या आपसातल्या चढाओढीतून ट्रस्टांचं भलं व्हावं, असा या निकालाचा व्यावहारिक अर्थ. मला तो मान्य आहे, पण अर्धाच. चढाओढ किंमत वाढवते. विकायचंच कशाला, हा प्रश्न कुठलाच निविदाकार विचारत नाही.

तो प्रश्न २०२५ मध्ये पुण्यात विचारला गेला. मॉडेल कॉलनीतलं सेठ हिराचंद नेमचंद जैन दिगंबर बोर्डिंग, म्हणजे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठीचं वसतिगृह. आवारात जैन मंदिर. जागा तीन एकरांच्या वर, आणि ती कुठे, तर मॉडेल कॉलनीत. एप्रिलमध्ये विक्रीला परवानगी मिळाली, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुमारे २३० कोटींचं खत नोंदलं गेलं. तोवर बहुतेकांना पत्ता नव्हता. मग माजी विद्यार्थी आणि जैन समाज रस्त्यावर आला, राजकीय पक्षांनी एकमेकांवर आरोपांच्या फैरी झाडल्या, आणि ऐन दिवाळीच्या दिवसांत धर्मादाय आयुक्तांनी 'जैसे थे'चा आदेश दिला. विकासकानं व्यवहारातून अंग काढून घेतलं आणि महिना संपता संपता परवानगी रद्द झाली. आरोपांतलं खरंखोटं इथे तपासायचं नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. ठराव, मूल्यांकन, निविदा, परवानगी, नोंदणी, या सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावरही ज्यांच्यासाठी ट्रस्ट होता त्यांनी तो व्यवहार आपला मानला नाही. कायद्यात 'हितसंबंधी व्यक्ती' अशी व्याख्या आहे. मंदिरात नेमानं जाणारा भक्त, संस्थेचा सभासद, सगळे तिच्यात येतात. पण कलम ३६ च्या सुनावणीत त्यांना आपोआप बोलावणं जाईल असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या मते या कलमाची सगळ्यात मोठी उणीव ही आहे. वसतिगृहाच्या भिंतीवर मराठीत ठळक अक्षरांत लावलेला एक फलक, 'ही जागा विकण्याची परवानगी मागितली आहे, अमुक तारखेपर्यंत हरकत घ्या', दोन वर्तमानपत्रांच्या जाहिरातींपेक्षा जास्त काम करील.

परवानगी काढून घ्यायची सोय कायद्यात आहे. फसवणूक, दिशाभूल किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून ती मिळवली असेल, तर आयुक्त ती रद्द करू शकतात आणि १८० दिवसांत मिळकत परत मिळवण्यासाठी पावलं उचला, असा आदेश विश्वस्तांना देऊ शकतात. लपवणाऱ्यांनीच परत मिळवायची, ही त्यातली गंमत. खरेदीदाराच्या बाजूनं पाहिलं तर हा कायम डोक्यावर टांगलेला धोका. त्यानं पैसे मोजले, मुद्रांक भरला, सूची क्रमांक दोनवर नाव आलं, प्रॉपर्टी कार्डावर फेरफार झाला, आणि तरी विश्वस्तांनी अर्जात काय लपवलं त्याची झळ त्याला बसू शकते. त्यामुळे शहाणा खरेदीदार परवानगीचा नुसता आदेश न घेता अर्जाची आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रमाणित नक्कल घेतो.

२०१७ मध्ये उलट दिशेची एक खिडकी उघडली गेली. असाधारण परिस्थितीत, ट्रस्टला, लोकांच्या मोठ्या समूहाला किंवा प्रामाणिक खरेदीदाराला त्रास होत असेल तर आयुक्त व्यवहार झाल्यानंतरही परवानगी देऊ शकतात. ट्रस्टच्या जमिनीवर पन्नास वर्षांपूर्वी परवानगीशिवाय सोसायटी उभी राहिली आणि दोनशे कुटुंबांची घरं लटकली, अशा ठिकाणी ही खिडकी हवीच होती. पण पूर्वपरवानगीचा जो धाक होता तो तिनं सैल केला, हेही तितकंच खरं.

देवस्थान इनामांची तऱ्हा आणखी निराळी. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गात तीन हजारांवर देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कारभाराखाली आहेत, आणि त्यांच्या जमिनींवर कुठे पुजारी, कुठे गुरव, कुठे कूळ, कुठे वहिवाटदार नांदतो. इनाम वर्ग तीनची जमीन विकायची तर महसूल खात्याचं दार वेगळं ठोठवावं लागतं, छत्तीसची परवानगी तिथे पुरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या पुजाऱ्याला जमीन आपलीच वाटणं स्वाभाविक आहे, पण मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, पुजारी हा व्यवस्थापक. त्याच्या नातवानं लिहून दिलेलं साठेखत घेऊन फिरणारे एजंट तालुक्याच्या गावी आजही भेटतात. वक्फ मिळकतींचा मार्ग याहून पूर्ण वेगळा, तिथे २०१३ च्या दुरुस्तीपासून विक्री मुळातच रद्दबातल आहे. मात्र मुसलमानांचा प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं. गोव्यात तर १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली महाजनांची पद्धत चालते. मंगेशीला किंवा शांतादुर्गेला इकडचा कायदा लावून चालत नाही.

आणि पैसे? विक्रीनंतर त्यांचं काय झालं, हे विचारण्याआधीच सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचे पैसे बँकेत, पोस्टात, सरकारी रोख्यांत, अशा ठरलेल्या जागीच ठेवता येतात. आयकर कायद्याप्रमाणे विक्रीची निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत गुंतवली तर तिच्यातला नफा धर्मादाय कामासाठी वापरला असं धरलं जातं, म्हणून एक जमीन विकून दुसरी घेणाऱ्या किंवा मुदत ठेव करणाऱ्या संस्था बऱ्याच. ठेवीवरचं व्याज महागाईच्या मागे पडत जातं, वसतिगृहाच्या नावानं निघालेल्या ट्रस्टकडे वसतिगृह नसतं, आणि दरवर्षीच्या ताळेबंदात ठेवीचा एक आकडा तेवढा दिसतो. खत नोंदल्यापासून ९० दिवसांत विश्वस्तांनी बदल अर्ज द्यायचा, मग शेड्यूल वनच्या स्थावराच्या रकान्यातून ती जागा निघते आणि जंगमाच्या रकान्यात रक्कम येते. त्या अर्जाची, परवानगीच्या आदेशाची, मूल्यांकन अहवालाची आणि जाहिरातीच्या कात्रणाची नक्कल हितसंबंधी म्हणून धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, ठरलेली फी भरून मागता येते. अर्जावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. तो संस्थेच्या पावतीपुस्तकावर छापलेला असतो.